बेटावरील तपस्वी बिशप – संत कथबर्ट

आमच्या गोखिवऱ्याच्या पूर्वेस तुंगारेश्वराचा डोंगर उभा आहे, आणि पश्चिमेस आगगाडीचा रस्ता ओलांडून पुढें गेलें म्हणजे वसईचा समुद्र लागतो. डोंगर व समुद्र ह्या दोहोंच्या शेजारीं राहणाऱ्या लोकांस एकांताची गोडी निराळी समजावून सांगावी लागत नाहीं. तथापि संसाराचा व्याप, नोकरीची धांवपळ आणि धर्मग्रामाचीं नाना कामें ह्यांमध्यें तो एकांत आमच्या वांट्यास कितीसा येतो, हा प्रश्न ज्यानें त्यानें आपल्या मनास विचारून पाहावा. ज्युबिलीचा प्रसंग जसा आनंदाचा, तसाच आत्मपरीक्षणाचाही असतो. मागें वळून पाहतां असें दिसतें कीं, कोणताही धर्मग्राम दोन प्रकारच्या माणसांच्या बळावर उभा राहतो. कांहीं माणसें देवळाच्या कोपऱ्यांत गुडघे टेंकून मूकपणें प्रार्थना करितात. कांहीं माणसें दारोदार हिंडून कामें उरकितात. ह्या दोन्ही वृत्ति एकाच मनुष्याच्या ठायीं कशा नांदाव्या, आणि त्यांची ओढाताण होऊं लागली असतां त्यानें काय करावें, ह्याचा एक उत्तम दाखला म्हणून आम्ही आज संत कथबर्ट ह्यांचें चरित्र वाचकांपुढें ठेवीत आहों.

वसईच्या भूमीस स्वतःचा संत लाभलेला आहे. संत गोन्सालो गार्सिया ह्यांनीं इ. स. १५९७ मध्यें जपानांतील नागासाकी येथें क्रुसावर प्राण दिला, व इ. स. १८६२ मध्यें त्यांस संतपद मिळालें, हें आमच्या मुलाबाळांसही ठाऊक आहे. संत कथबर्ट हे मात्र फार दूरच्या देशांत व फार जुन्या काळांत होऊन गेले. त्यांस जाऊन तेराशेंहून अधिक वर्षें लोटलीं. त्यांच्या मरणानंतर थोड्याच वर्षांत लिंडिसफार्न मठांतील एका अनामिक संन्याशानें त्यांचें चरित्र लिहिलें, आणि पुढें इ. स. ७२१ च्या सुमारास संत बीड ह्या थोर विद्वानानें तें पुन्हा विस्तारानें लिहून काढिलें. ज्यांनीं कथबर्ट ह्यांस डोळ्यांनीं पाहिलें होतें अशा लोकांस विचारून बीड ह्यांनीं हें काम केलें. पुढील हकीकतींतील बहुतेक गोष्टी ह्या दोन चरित्रांच्या आधारें प्रसिद्ध झालेल्या आहेत.

बालपण

कथबर्टचा जन्म इ. स. ६३४ च्या सुमारास नॉर्थम्ब्रियाच्या राज्यांत झाला. हें राज्य म्हणजे आजच्या इंग्लंडचा उत्तर भाग व स्कॉटलंडचा दक्षिणेकडील कांहीं मुलूख. त्या देशांत ख्रिस्ती धर्माचें बीज तेव्हां नुकतेंच रुजत होतें. ऑस्वाल्ड नांवाच्या धर्मशील राजानें आयोना बेटावरील मठांतून संत एडन ह्यांस बोलावून घेतलें, आणि इ. स. ६३५ मध्यें त्यांस लिंडिसफार्न नांवाचें बेट मठासाठीं दिलें. ह्या बेटाची रचना मोठी नवलाची आहे. ओहोटी लागली कीं वाट उघडी पडून माणूस पायीं चालत बेटावर जातो. भरती आली कीं सभोंवार पाणी होऊन बेट जगापासून तुटतें. दिवसांतून दोन वेळां हा क्रम चालतो. आमच्या खाडीकांठच्या वाचकांस ह्याची कल्पना सहज येईल.

बाळ कथबर्टास केन्सविथ नांवाच्या एका विधवेनें वाढविलें, व तो तिला जन्मभर आई असेंच म्हणत असे. लहानपणीं तो मोठा खेळकर व दांडगा होता. उड्या मारणें, धांवणें, कुस्ती खेळणें ह्यांत त्याचा हात धरणारा सोबती नव्हता, आणि त्याचा त्यास अभिमानही वाटे. तो आठ वर्षांचा असतां एके दिवशीं मुलें मैदानांत नाना तऱ्हेच्या कसरती करीत होतीं. इतक्यांत तीन वर्षांचें एक मूल त्याच्यापाशीं येऊन ह्या पोरकट खेळांबद्दल त्यास बोल लावूं लागलें. कथबर्टानें हंसून तिकडे दुर्लक्ष केलें, तेव्हां तें मूल जमिनीवर लोळून रडूं लागलें. समजूत घालूं गेलें असतां त्यानें सांगितलें कीं, ज्यास देवानें पुढें बिशप करावयाचें ठरविलें आहे त्यास असे चाळे शोभत नाहींत. बालकाच्या तोंडचे ते शब्द कथबर्टाच्या मनांत खोल रुतून बसले. मुलाच्या तोंडून देव बोलतो ही गोष्ट आमच्यांतील किती आईबापांच्या अनुभवास आली असेल!

थोडा मोठा झाल्यावर तो डोंगरांत मेंढरें राखीत असे. इ. स. ६५१ मध्यें एका रात्रीं सोबती झोंपलेले असतां तो एकटा प्रार्थना करीत जागा होता. तेव्हां काळोखांतून प्रकाशाचा एक झोत आकाशांतून खालीं आला, आणि देवदूत एका तेजस्वी आत्म्यास घेऊन वर जात आहेत असें त्यानें पाहिलें. कांहीं दिवसांनीं बातमी आली कीं, त्याच रात्रीं लिंडिसफार्नचे बिशप एडन परलोकवासी झाले. कथबर्टानें मेंढरें त्यांच्या मालकांच्या स्वाधीन केलीं व मठाची वाट धरिली.

मठांतील जीवन

हातांत भाला घेऊन व घोड्यावर बसून तो तरुण मेलरोझच्या मठाशीं आला. दारांत बॉयझिल नांवाचे प्रायर उभे होते. घोडा व भाला चाकराच्या हवालीं करून प्रार्थनेसाठीं आंत जाणाऱ्या त्या मुलास पाहतांच बॉयझिल ह्यांनीं ओळखलें कीं, हा देवाचा खरा सेवक होणार. त्यांनीं त्यास आपल्या पंखाखालीं घेतलें. ईटा हे त्या मठाचे मठाधिपति होते. त्यांच्या अनुमतीनें कथबर्ट संन्यासी झाले, आणि वाचन, श्रम, जागरण व उपास ह्यांत ते लौकरच सर्वांच्या पुढें गेले.

पुढें रिपन येथें नवा मठ स्थापन झाला तेव्हां ईटा ह्यांनीं कथबर्ट ह्यांस बरोबर नेऊन पाहुण्यांची व्यवस्था त्यांच्याकडे सोंपविली. आल्यागेल्याचे पाय धुवावे, थंडीनें गारठलेले हात चोळून ऊन करावे व पोटभर जेवूं घालावें, हें त्यांचें नित्याचें काम. परंतु हें सुख फार दिवस टिकलें नाहीं. ईस्टरचा दिवस कोणत्या रीतीनें ठरवावा ह्याविषयीं त्या वेळीं देशांत दोन पक्ष पडले होते. एक पक्ष आयर्लंडच्या जुन्या रीतीस धरून होता, तर दुसरा रोमच्या रीतीचा पुरस्कार करी. ईटा व त्यांचे सोबती जुनी रीत सोडण्यास तयार न झाल्यामुळें त्यांस रिपन सोडावें लागलें. कथबर्ट निमूटपणें मेलरोझला परतले.

इ. स. ६६४ मध्यें देशभर भयंकर सांथ पसरली. कथबर्टही आजारी पडले. मठांतील बंधूंनीं त्यांच्यासाठीं सारी रात्र प्रार्थनेंत घालविली. सकाळीं हें कळतांच, इतक्या चांगल्या माणसांची प्रार्थना देव कशी नाकारील, असें म्हणून त्यांनीं आपली काठी व वहाणा मागविल्या आणि ते अंथरुणांतून उठले. ते बरे झाले खरे. पण पोटांतील दुखणें जन्मभर त्यांच्या सोबतीस राहिलें. त्याच सांथींत बॉयझिल ह्यांचें मरण ओढवलें. आपल्या हातीं सातच दिवस आहेत हें जाणून ते दिवस कोणत्या पुस्तकाच्या वाचनांत घालवावे असा विचार झाला, तेव्हां संत योहानाचें शुभवर्तमान त्यांनीं निवडिलें. त्याचे सात भाग करून गुरुशिष्यांनीं रोज एक भाग वाचला. वादग्रस्त प्रश्नांच्या खोलांत न शिरतां, प्रेमानें कार्य करणारी जी श्रद्धा तिचाच त्यांनीं विचार केला. सातव्या दिवशीं वाचन संपलें व बॉयझिल ह्यांचें जीवनही संपलें. मरणाच्या दाराशीं गुरूनें शिष्यास दिलेली ही शेवटची शिकवण कथबर्ट कधींही विसरले नाहींत.

गुरूच्या जागीं ते प्रायर झाले. सांथीच्या भीतीनें गांवोगांवचे पुष्कळ नवे ख्रिस्ती लोक ताईत, मंत्र व दोरे ह्यांच्या नादीं लागले होते. कथबर्ट कधीं घोड्यावरून, पण बहुधा पायींच, त्यांच्यापर्यंत जात. ज्या डोंगरकपारींतील वस्त्यांकडे इतर उपदेशक गरिबीमुळें व वाटेच्या कठीणपणामुळें फिरकत नसत, तेथें ते आठवडा आठवडा, कधीं तर महिनाभर राहत. त्यांच्या बोलण्यांत इतका जिव्हाळा असे कीं, लोक आपलीं पापें न लपवितां त्यांच्यापुढें कबूल करीत. आमच्या पाड्यापाड्यांतून पायपीट केलेल्या जुन्या मिशनऱ्यांची आठवण ज्यांच्या घरांत अजून सांगितली जाते, त्यांस हें चित्र परकें वाटणार नाहीं.

ह्याच काळांतील एक गोष्ट फार लोकप्रिय आहे. एब्बा नांवाच्या मठाध्यक्षिणीच्या विनंतीवरून कथबर्ट समुद्रकांठच्या कोल्डिंगहम मठांत गेले होते. रात्रीं सर्व निजल्यावर ते बाहेर पडत. हे कोठें जातात हें पाहावें म्हणून एक बंधु लपत छपत मागें गेला. त्यानें पाहिलें कीं, कथबर्ट समुद्रांत गळ्याइतक्या पाण्यांत उभे राहून रात्रभर देवाची स्तुति गात आहेत. पहांटे ते वाळूवर येऊन गुडघे टेंकून प्रार्थना करूं लागले, तों पाण्यांतून दोन पाणमांजरें वर आलीं. त्यांनीं आपल्या श्वासानें त्यांचे गारठलेले पाय ऊन केले, आपल्या अंगाच्या केसांनीं ते पुसले, आणि आशीर्वाद घेऊन तीं पुन्हा पाण्यांत गेलीं. पाळत ठेवणारा बंधु भीतीनें आजारी पडला. दुसरे दिवशीं त्यानें क्षमा मागितली. कथबर्ट ह्यांनीं ती आनंदानें दिली. अट एवढीच कीं, आपण जिवंत असेपर्यंत त्यानें हें कोणास सांगूं नये.

लिंडिसफार्नचे प्रायर

इ. स. ६६४ मध्येंच व्हिटबी येथें सभा भरून ईस्टरच्या वादाचा निकाल रोमच्या रीतीच्या बाजूनें लागला. लिंडिसफार्नचे बिशप कोल्मन ह्यांस तो पसंत न पडल्यामुळें ते आपल्या कांहीं अनुयायांसह देश सोडून गेले. मागें राहिलेला मठ दुभंगलेल्या मनाचा होता. तेथें ईटा मठाधिपति झाले, आणि कांहीं काळानें त्यांनीं कथबर्ट ह्यांस प्रायर नेमिलें. कथबर्ट स्वतः जुन्या रीतींत वाढलेले. पण ख्रिस्तसभेचा निर्णय त्यांनीं मनापासून स्वीकारला होता. आतां तो इतरांच्या गळीं उतरविण्याचें अवघड काम त्यांच्याकडे आलें.

हें काम त्यांनीं कसें केलें तें प्रत्येक मंडळाच्या व समितीच्या सभासदानें नीट ध्यानांत घ्यावें असें आहे. बंधूंच्या सभेंत नव्या नियमाचा विषय निघाला कीं, जुन्या रीतीचे अभिमानी त्यांस टोंचून बोलत, कधीं अपमानही करीत. शब्दानें शब्द वाढूं लागला म्हणजे कथबर्ट शांतपणें उठून उभे राहत व सभा संपवीत. दुसरे दिवशीं, आदल्या दिवशीं कांहींच घडलें नाहीं अशा मुद्रेनें, तोच उपदेश ते पहिल्यापासून पुन्हा करीत. त्यांनीं कोणावर राग धरिला नाहीं आणि आपला मुद्दाही सोडिला नाहीं. असें किती दिवस चाललें असेल कोण जाणे! अखेर त्यांच्या सहनशीलतेपुढें विरोधकच नमले. वाद जिंकण्यापेक्षां भाऊ जिंकणें मोठें, हें त्यांनीं ह्या रीतीनें दाखवून दिलें.

फार्न बेटावरील एकांत

बारा वर्षें असें काम केल्यावर इ. स. ६७६ मध्यें, मठाधिपतींची व बंधूंची परवानगी घेऊन, कथबर्ट एकांतवासासाठीं निघाले. त्यांनीं निवडलेलें फार्न बेट किनाऱ्यापासून सुमारें अडीच किलोमीटर समुद्रांत आहे. तेथें जाण्यास लिंडिसफार्नसारखी ओहोटीची वाट नाहीं. चहूंकडे खोल पाणी. गोडें पाणी नाहीं, झाड नाहीं, आणि भुतांची वस्ती आहे ह्या समजुतीनें तेथें कोणी टिकत नसे.

तेथें त्यांनीं खडक फोडून व माती उकरून एक गोलाकार घर बांधिलें. त्याची भिंत बाहेरून माणसाच्या उंचीहून थोडी अधिक; पण आंतील जमीन खोल खणल्यामुळें आंतून ती पुष्कळच उंच होती. हेतु हा कीं, डोळ्यांस आकाशावांचून दुसरें कांहीं दिसूं नये व मन वरच लागून राहावें. आंत दोन भाग होते: एक प्रार्थनेचा व एक राहण्याचा. भिंतींतील कांहीं धोंडे इतके मोठे होते कीं, ते चार माणसांसही उचलतां आले नसते. बंधूंच्या मदतीनें विहीर खणली, तिला पाणी लागलें. धक्क्याजवळ पाहुण्यांसाठीं निराळें घर बांधिलें.

कोणावर भार होऊं नये म्हणून त्यांनीं शेती आरंभिली. प्रथम गहूं पेरला, तो उगवला नाहीं. मग हंगाम टळून गेला असतां जव पेरला, आणि तो भरघोस आला. पांखरें कणसांवर तुटून पडलीं तेव्हां कथबर्ट त्यांच्याशीं माणसांशीं बोलावें तसें बोलले: जें तुम्हीं पेरलें नाहीं त्याला तोंड कां लावितां, देवानें परवानगी दिली असेल तर खुशाल खा, नाहींतर निघून जा. पांखरें निघून गेलीं. पुढें कावळ्यांच्या एका जोडप्यानें पाहुण्यांच्या घराच्या छपराचें गवत उपटून नेलें. कथबर्ट रागावले तशीं तीं उडून गेलीं. पण तिसरे दिवशीं एक कावळा परत आला, पंख पसरून व मान वांकवून त्यानें क्षमा मागितली, आणि मग जोडप्यानें भेट म्हणून डुकराच्या चरबीचा एक तुकडा आणून दिला. येणाऱ्या पाहुण्यांस कथबर्ट तो जोड्यांना लावण्यासाठीं देत, आणि सांगत कीं, पक्ष्यांस जर पश्चात्ताप व आज्ञापालन कळतें तर माणसांस तें किती अधिक कळावें! त्या समुद्रांतील आयडर जातीच्या बदकांवर त्यांचें विशेष प्रेम होतें अशीही परंपरा आहे, व त्या भागांतील लोक त्या बदकांस लाडानें त्यांचेंच नांव देतात.

एकांत असा शोधला तरी लोक त्यांचा माग काढीत आलेच. होड्या भरभरून दुःखी, पापी, संशयग्रस्त माणसें येत. आरंभीं ते बाहेर येऊन त्यांचे पाय धूत. पुढें खिडकींतूनच बोलूं लागले. पण आलेला मनुष्य आपलें ओझें घेऊन परत गेला असें कधीं झालें नाहीं. आपण एकांतांत राहतों म्हणून आपण थोर आहों असें कोणीं समजूं नये, अशी त्यांची ताकीद असे. मठांत राहून सर्व बाबतींत वरिष्ठांच्या आज्ञेंत वागणाऱ्या बंधूंचें जीवन हेंच त्यांस अधिक प्रशंसनीय वाटे.

राजा बेटावर येतो

असा नऊएक वर्षांचा काळ गेला. इ. स. ६८४ मध्यें ऑल्न नदीच्या कांठीं ट्वायफर्ड येथें मोठी धर्मसभा भरली. आर्चबिशप थिओडोर अध्यक्ष होते व राजा एक्गफ्रिथ स्वतः हजर होता. सभेनें एकमतानें कथबर्ट ह्यांस बिशप निवडिलें. पत्रें गेलीं, दूत गेले; कथबर्ट बेटावरून हलेनात. शेवटीं राजा, बिशप ट्रमवाइन व पुष्कळ प्रतिष्ठित मंडळी होड्यांतून फार्न बेटावर गेलीं. सर्वांनीं त्यांच्यापुढें गुडघे टेंकले, देवाच्या नांवानें विनविलें, आणि डोळ्यांत आंसवें आणिलीं. कथबर्ट ह्यांच्याही डोळ्यांतून अश्रु वाहूं लागले. आपला प्रिय एकांत सोडून ते त्यांच्याबरोबर निघाले.

वाचकहो, ह्या प्रसंगापाशीं आम्हांस क्षणभर थांबावेंसें वाटतें. मानाचें पद मिळावें म्हणून माणसें केवढी खटपट करितात हें आपण नित्य पाहतों. येथें पद आपण होऊन घरीं चालत आलें असतां एक माणूस रडतो. तथापि तो नाहीं म्हणत नाहीं, हीच ह्या कथेंतील मुख्य गोष्ट होय. प्रार्थना गोड खरी. परंतु ज्या देवाची प्रार्थना करावयाची त्याचीच हांक ख्रिस्तसभेच्या मुखानें आली, तर गोडी सोडून जावें लागतें. कथबर्ट ह्यांनीं आपल्या आवडीपेक्षां देवाची इच्छा मोठी मानिली. लहानपणीं त्या बालकानें सांगितलेलें व पुढें बॉयझिल ह्यांनींही सूचित केलेलें भविष्य अशा रीतीनें खरें झालें.

प्रथम त्यांची निवड हेक्सहमच्या जागेसाठीं झाली होती. परंतु त्यांचे जुने मठाधिपति ईटा ह्यांनीं स्वतः हेक्सहमला जाऊन लिंडिसफार्नची जागा त्यांस मोकळी करून दिली. इ. स. ६८५ च्या मार्च महिन्याच्या २६ तारखेस, ईस्टरच्या दिवशीं, यॉर्क शहरांत आर्चबिशप थिओडोर व इतर सहा बिशप ह्यांच्या उपस्थितींत कथबर्ट ह्यांचा दीक्षाविधि झाला.

दोन वर्षांचा बिशप

बिशप झाले तरी त्यांनीं संन्याशाची राहणी सोडिली नाहीं. तेंच साधें अन्न, तींच साधीं वस्त्रें. गरिबांचें रक्षण, भुकेल्यांस अन्न, उघड्यांस वस्त्र, आणि डोंगरांतील वस्त्यांस भेट हा त्यांचा कार्यक्रम होता. पुन्हा सांथ आली तेव्हां उजाड पडलेल्या गांवांतून ते हिंडले. एका गांवीं सर्वांस भेटून झाल्यावर, आणखी कोणी राहिलें आहे काय, असें त्यांनीं विचारिलें. तेव्हां दूर उभी असलेली एक बाई दाखविण्यांत आली. तिचा एक मुलगा नुकताच वारला होता व दुसरा तिच्या कडेवर मरणोन्मुख होता. कथबर्ट तिच्यापाशीं गेले, त्यांनीं मुलास आशीर्वाद देऊन त्याचें चुंबन घेतलें, आणि तिच्या घरांतील आतां कोणी मरणार नाहीं असा तिला धीर दिला. तसेंच झालें. सांथीच्या दिवसांत आजारी मुलाचें चुंबन घेणारा बिशप! गेल्या कांहीं वर्षांपूर्वींची करोनाची सांथ आम्हीं सर्वांनीं पाहिली आहे. त्यामुळें ह्या कृतीची किंमत आम्हांस अधिक कळते.

त्याच वर्षीं मे महिन्यांत राजा एक्गफ्रिथ, कथबर्ट आदि हितचिंतकांचा सल्ला न मानतां, उत्तरेकडील पिक्त लोकांवर चालून गेला. कथबर्ट त्या वेळीं कार्लाइल शहरांत राणीपाशीं होते. नगरवासी लोक त्यांस शहराचा जुना तट व रोमन लोकांनीं बांधलेलें कारंजें दाखवीत असतां ते एकाएकीं काठीवर रेलून खिन्न झाले, आणि युद्धाचा निकाल लागला असावा असें पुटपुटले. कांहीं दिवसांनीं कळलें कीं, २० मे रोजीं, त्याच घटकेस, राजा सैन्यासह मारला गेला होता.

कार्लाइलला हर्बर्ट नांवाचे एक जुने मित्र त्यांस भेटावयास येत. डर्वेंटवॉटर सरोवरांतील एका लहान बेटावर हे एकटे राहत. पुन्हा आपली भेट होणार नाहीं, असें कथबर्ट ह्यांनीं सांगतांच हर्बर्ट त्यांच्या पायांशीं पडून रडले, आणि दोघांस एकाच दिवशीं मरण यावें अशी प्रार्थना करण्यास त्यांनीं विनविलें. ती प्रार्थना फळास आली.

अंतकाळ

इ. स. ६८६ चा नाताळ लिंडिसफार्न येथें साजरा करून कथबर्ट आपल्या बेटावर परतले. मरण जवळ आलें हें त्यांनीं ओळखलें होतें. २७ फेब्रुवारी ६८७ रोजीं ते आजारी पडले. मठाधिपति हेरेफ्रिथ भेटून परत गेले, आणि लगेच समुद्र खवळला. पांच दिवस एकही होडी जाऊं शकली नाहीं. वादळ शमल्यावर हेरेफ्रिथ येऊन पाहतात तों कथबर्ट पाहुण्यांच्या घरांत बसून होते. येणाऱ्यांस आपल्यासाठीं आंत येण्याचे कष्ट पडूं नयेत म्हणून तो दुर्बळ देह तेथवर ओढीत आणिला होता. पांच दिवस काय खाल्लें असें विचारतां त्यांनीं अंथरुणाखालीं ठेवलेले पांच कांदे दाखविले. त्यांपैकीं एकाचा अर्ध्याहून कमी भाग कुरतडलेला होता. तेवढेंच त्यांचें पांच दिवसांचें अन्न!

आपणांस बेटावरच पुरावें अशी त्यांची इच्छा होती. कारण आपली कबर मठांत असली तर नाना प्रकारचे गुन्हेगार आश्रयासाठीं तेथें धांव घेतील, आणि त्यांच्यासाठीं मोठ्या लोकांपाशीं रदबदली करतांकरतां बंधूंस त्रास होईल, असें त्यांस वाटे. पण बंधूंनीं फार आग्रह केला तेव्हां त्यांनीं तोही हट्ट सोडिला. शेवटचा उपदेश म्हणून त्यांनीं एकमेकांत शांति व प्रेम राखण्यास, पाहुण्यांस तुच्छ न लेखण्यास, आणि ख्रिस्तसभेच्या एकीस चिकटून राहण्यास सांगितलें. २० मार्च ६८७ रोजीं, रात्रीच्या प्रार्थनेच्या वेळीं, प्रभूचें शरीर व रक्त ग्रहण करून, हात वर उचलून त्यांनीं प्राण सोडिला. एका बंधूनें दोन मशाली पेटवून उंच धरिल्या. लिंडिसफार्नच्या टेहळणीच्या जागेवरून पहारेकऱ्यानें तो उजेड पाहिला व मठांत बातमी पोंचविली. त्याच दिवशीं सरोवरांतील बेटावर हर्बर्ट ह्यांनींही देह ठेविला.

मरणानंतर

अकरा वर्षांनीं, इ. स. ६९८ मध्यें, अस्थि आदरानें वर ठेवाव्या म्हणून कबर उघडण्यांत आली, तेव्हां देह जसाच्या तसा, जणूं झोंपलेल्या माणसाचा, असा आढळला. त्यांच्या व देवाच्या सन्मानार्थ बिशप एडफ्रिथ ह्यांनीं सुंदर चित्राक्षरांनीं नटलेला शुभवर्तमानांचा ग्रंथ तयार केला. तो आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररींत आहे.

इ. स. ७९३ मध्यें समुद्रमार्गें आलेल्या व्हायकिंग चांच्यांनीं लिंडिसफार्न मठाची धूळदाण केली. अशा स्वाऱ्या वाढत गेल्या तेव्हां इ. स. ८७५ मध्यें बंधूंनीं संताची पेटी खांद्यावर घेतली व ते घरदार सोडून निघाले. सात वर्षें ते तिच्यासह वणवण फिरले. पुढें चेस्टर-ली-स्ट्रीट येथें शंभराहून अधिक वर्षें मुक्काम झाला, व इ. स. ९९५ मध्यें ती पेटी डरहम येथें आली. तेथें इ. स. १०९३ मध्यें भव्य कॅथेड्रलचा पाया घातला गेला, आणि इ. स. ११०४ मध्यें संताचा देह त्यांत ठेवण्यांत आला. त्या वेळीं पेटींत संत योहानाच्या शुभवर्तमानाची एक छोटीशी प्रत सांपडली. बॉयझिल ह्यांच्याबरोबर सात दिवस वाचलेल्या त्या शुभवर्तमानाची आठवण कोणास होणार नाहीं? ही प्रत इ. स. २०१२ मध्यें ब्रिटिश लायब्ररीनें ९० लाख पौंडांस विकत घेतली. सोळाव्या शतकांत राजा आठवा हेन्री ह्याच्या माणसांनीं समाधीचें वैभव लुटलें. पण अस्थि तेथेंच पुरण्यांत आल्या. इ. स. १८२७ मध्यें कबर पुन्हा उघडली तेव्हां वस्त्रांच्या घड्यांत संताचा गळ्यांतील सोन्याचा लहान क्रूस मिळाला. लुटारूंच्या नजरेस तो पडला नव्हता.

वसईच्या ख्रिस्ती लोकांस ह्या शेवटच्या हकीकतीचा अर्थ निराळा सांगावयास नको. इ. स. १७३९ मध्यें वसईचा किल्ला पडला, आणि त्यांतील भव्य देवळें कालांतरानें ओसाड झालीं. आज त्यांच्या भिंतींवर पिंपळ उगवलेले आपण पाहतों. तथापि श्रद्धा त्या भिंतींबरोबर पडली नाहीं. आमच्या पूर्वजांनीं ती, लिंडिसफार्नच्या बंधूंनीं पेटी वाहिली तशी, घराघरांतून खांद्यावर वाहून आणिली. इ. स. १९९८ मध्यें वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला, हें त्या वाहण्याचेंच फळ होय.

आतां हें ओझें आमच्या खांद्यावर आहे. ज्युबिलीच्या दिवशीं रोषणाई होईल, जेवणें होतील, आणि दुसरे दिवशीं मंडप उतरेल. मग सभेंत कोणी टोंचून बोलला असतां रागावण्याऐवजीं उठून जाऊन उद्यां पुन्हा शांतपणें आरंभ करणारा कोणी हवा. एखादें काम नकोसें वाटत असतांही हांक आली म्हणून डोळे पुसून पुढें येणारा कोणी हवा. आणि हीं सर्व कामें करतांना, जेथून आकाशावांचून दुसरें कांहीं दिसत नाहीं अशी एक लहानशी जागा ज्यानें आपल्या अंतःकरणांत राखली आहे, असा कोणी हवा. अशीं माणसें आमच्या धर्मग्रामांत पुढील पिढ्यांतही निपजोत, आणि संत कथबर्ट ह्यांची विनंती आम्हां सर्वांच्या पाठीशीं राहो, हीच ह्या शुभ प्रसंगीं परमेश्वराच्या चरणीं आमची नम्र प्रार्थना.